खातेदाराने आपल्या हयातीत करून ठेवावयाची व्यवस्था

शेतकरी मनुष्य पुढच्या हंगामाची तजवीज मागच्या हंगामातच करून ठेवीत असतो. बियाणे वेगळे काढून ठेवणे, उन्हाळ्यात बांध घालून घेणे, विहिरीचा गाळ काढणे ही कामे त्यास कोणी सांगावी लागत नाहीत. परंतु ज्या जमिनीसाठी ही सर्व खटपट, ती जमीन आपल्या मागे कोणाकडे कशी जावी, याविषयी तो एक अक्षर लिहून ठेवीत नाही. मृत्युपत्र हा शब्दच घरात उच्चारू नये, अशी आमच्याकडे समजूत आहे. कोणी म्हाताऱ्याने तो विषय काढलाच, तर घरची माणसे ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून त्यास गप्प बसवितात, आणि तोही बिचारा बरे झाले म्हणून गप्प बसतो.

आम्ही छत्तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केली. आम्ही कायदेपंडित नव्हे; मराठी शाळेत जेवढे शिकलो तेवढ्यावर नोकरी केली. परंतु फेरफाराची रजिस्टरे, वारसाच्या नोंदी, तक्रारी नोंदींच्या तारखा आणि वाटपाचे अर्ज यांत आमचे सारे आयुष्य गेले. त्या अनुभवावरून आमचे असे ठाम मत झाले आहे, की गावातील भावाभावांच्या दाव्यांपैकी पुष्कळसे दावे बापाच्या एका कागदाने टळले असते. या मतास पुष्टी म्हणून दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी सांगणे सोपे आहे. पण आमच्या स्वतःच्या घरची गोष्टही या लेखात ओघाने येईल, आणि ती आम्हास भूषणावह नाही.

प्रथम खातेदार मयत झाल्यावर काय होते ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. (तलाठ्यास २०२४ सालापासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र तो अजून तलाठीच आहे.) वर्दी आली म्हणजे गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत नावे लिहिली जातात, फेरफार पडतो, हितसंबंधीयांस नोटीस निघते, आणि हरकत न आल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबाऱ्यावर सर्व वारसांची नावे एकाखाली एक येतात. येथे पुष्कळ लोक समजतात की काम संपले. वस्तुतः येथे काम सुरू होते. कारण ती नावे सामाईक असतात. अमक्याचा उत्तरेकडील तुकडा, तमक्याचा ओढ्याकडील, असे त्यात काही नसते. शिवाय सातबाऱ्यावरील नोंद ही मुळात सारावसुलीकरिता ठेवलेली. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानावी, इतकेच कलम १५७ म्हणते. सातबाऱ्यावर नाव आले म्हणून मालकी आली, किंवा नाव नाही म्हणून हक्क गेला, असे नव्हे.

बरे, वर्दी तरी सर्व देतात काय? आजोबांच्या नावाचा सातबारा नातवाच्या हाती आहे, आणि नातवास स्वतःस सून आली आहे, अशी खाती आम्ही शेकड्यांनी पाहिली. २०२५ साली सरकारने ‘जिवंत सातबारा’ म्हणून मोहीम काढून मयतांची नावे काढून वारसांची नावे लावण्याचा हुकूम केला, तो उगाच नव्हे. मोहिमेचे ते नाव ऐकून आम्हास हसू आले, पण ते समर्पक आहे.

नोंद लांबणीवर पडली म्हणजे वारसांची संख्या कशी वाढते, याचा एक हिशोब येथे मांडतो. समजा, एका गृहस्थाची पाच एकर स्वकष्टार्जित जिराईत जमीन आहे, म्हणजे दोनशे गुंठे. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे विधवा, दोन मुलगे व दोन मुली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पाचही जणांस सारखा, म्हणजे चाळीस चाळीस गुंठे हिस्सा. काही वर्षांनी विधवाही तशीच वारली. तिचे चाळीस गुंठे चार मुलांत गेले, प्रत्येकाचे पन्नास झाले. पुढे थोरला मुलगा बायको व तीन मुले टाकून वारला. त्याच्या पन्नासांचे चार वाटे, साडेबारा गुंठ्यांचे. एक मुलगी नवरा व दोन मुले मागे ठेवून गेली. तिच्या पन्नासांचे तीन वाटे, सोळा गुंठ्यांहून थोडे अधिक. आता सातबारा पाहा: धाकटा मुलगा एक, थोरल्याकडील चार, मयत मुलीकडील तीन, दुसरी मुलगी एक, अशी पाच एकरांवर नऊ नावे. त्यांपैकी एक नाव जावयाचे, ज्याने ती जमीन लग्नात वरात जाताना एकदा पाहिली असेल. आणि बहुतेक जिल्ह्यांत २०२३ साली प्रमाणभूत क्षेत्र जिराईतास वीस गुंठे व बागाईतास दहा गुंठे असे ठरले आहे. त्याहून लहान तुकडा पाडण्यास १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. म्हणजे नवांपैकी सातांचा हिस्सा कागदावर आहे, पण शेतात खुंट ठोकून दाखविता येत नाही. कर्ज काढावयाचे, विहिरीस वीज घ्यावयाची किंवा जमीन विकावयाची, तर नवांच्या सह्या. एक पुण्यास, एक सुरतेस, एक रुसलेला.

हाच गृहस्थ दोन कोरे कागद व दोन साक्षीदार घेऊन एक दुपार बसता, तर यांतील निम्मा गुंता झालाच नसता.

आता मृत्युपत्राने काय देता येते व काय येत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण या बाबतीत गावात फार गैरसमज आहे. स्वतः कमावलेली जमीन हिंदू मनुष्य मृत्युपत्राने वाटेल त्यास देऊ शकतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील आपला हिस्सा पूर्वी मृत्युपत्राने देता येत नसे. १९५६ च्या कायद्याच्या कलम ३० ने तो अधिकार दिला. परंतु तो आपल्या हिश्श्यापुरताच. बाप म्हणून सर्व सर्व्हे नंबर आपलेच, असे समजून ज्यांनी साऱ्या वडिलोपार्जित जमिनीचे मृत्युपत्र केले, त्यांनी मुलांसाठी कागद नव्हे, दावा लिहून ठेवला. मुसलमान बांधवांस त्यांच्या कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीवाचून मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही, हेही येथे नमूद करून ठेवतो.

आणि त्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा आता मुलाइतकाच आहे. महाराष्ट्राने १९९४ साली त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींस तो दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात सर्व मुलींस, लग्न झालेल्या असोत वा नसोत, जन्मतः सहदायाद मानले गेले. त्या दिवशी बाप हयात असला पाहिजे की नाही, यावर पंधरा वर्षे वाद चालला. तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा यांच्या निकालाने मिटविला, की बाप हयात असण्याची जरुरी नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी खरोखर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहिल्या.

यावर पारावर काय बोलले जाते ते आम्ही ऐकतो. मुलीच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा. मुलीने जमीन मागितली म्हणजे माहेर तुटले. शेत कसतो तो मुलगा, आणि खाणार जावई. यांतील शेवटच्या आक्षेपात काही तथ्य आहे हे आम्ही नाकारीत नाही. दूर दिलेल्या मुलीस अर्धा एकर कसणे जमत नाही. परंतु मग त्याचा उपाय बापाने आपल्या हयातीत शोधावयास नको काय? मुलीस जमिनीऐवजी दुसरे काही द्यावयाचे असेल, तर ते रोख किंवा ठेवीच्या रूपाने द्यावे, तिच्या समक्ष व तिच्या संमतीने द्यावे, आणि ते कागदावर यावे. हे न करता मुलगे काय करतात? बापाचे दिवस चालू असतात. बहीण रडून रडून अर्धी झालेली असते. पाहुणे जमलेले असतात. तेवढ्यात ‘नोंदीसाठी सही लागते’ असे म्हणून तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकविला जातो.

आम्ही हे इतक्या खात्रीने लिहितो, कारण आम्हीच ते केले आहे.

१९९८ साली आमचे तीर्थरूप वारले. मातोश्री त्यापूर्वीच गेल्या होत्या. नीरेच्या डाव्या कालव्यावर नऊ एकर वडिलोपार्जित बागाईत. आम्ही दोघे भाऊ, आणि एक धाकटी बहीण, जिचे लग्न १९९२ साली झालेले. वडिलांनी काही लिहून ठेवले नव्हते. आणि थोरला मुलगा महसुलात कारकून आहे, तो सर्व बघेल, असे ते चारचौघांत अभिमानाने सांगत. आम्ही बघितले. त्या वेळच्या कायद्याने वडिलांचा हिस्सा तीन एकर धरून त्याचे तीन वाटे होत होते, म्हणजे बहिणीचा एक एकर. हा हिशोब आम्हास ठाऊक नव्हता, असे म्हणण्याची सोय आमच्यासारख्यास नाही. दहाव्याच्या विधीनंतर चौथ्या दिवशी आम्ही हक्कसोडपत्र स्वतःच्या सुवाच्य अक्षरात तयार केले, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणीस नेले, आणि नोंदविले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही न्यून नव्हते. तलाठ्यापुढे नुसता जबाब देऊन हक्क सुटत नाही, नोंदलेला दस्त लागतो, हे आम्हास माहीत असल्यामुळे आम्ही पक्के काम केले. कचेरीतील आमच्या सोबत्यांनी त्या कागदाचे कौतुकही केले. बहिणीस तो आम्ही वाचून दाखविला नाही; आणि तिनेही विचारले नाही.

सतरा वर्षे गेली. तिच्या यजमानांचे अपघाती निधन झाले. सासरची जमीन दिरांत सामाईक, आणि एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या दिराचेच नाव. तिच्या मुलास शिक्षणासाठी कर्ज हवे होते आणि बँक तारण मागत होती. ती आमच्याकडे आली तेव्हा आम्हास वाटले, पैसे मागेल. तिने पैसे मागितले नाहीत. ती म्हणाली, “दादा, अण्णा गेले तेव्हा तुम्ही मला कचेरीत नेऊन सही घेतली होती, त्या कागदात काय लिहिले होते?” आम्ही तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग वहिनींना चहा टाकायला सांगून स्वतःच आत गेली. त्या दिवशी ती याहून अधिक काही बोलली नाही, आणि नंतरही बोललेली नाही.

कर्जाचे काम आम्ही आमची जमीन तारण देऊन केले. पुढे २०१९ साली, तिच्या एक एकरापैकी आमच्याकडे आलेले वीस गुंठे आम्ही नोंदणीकृत बक्षीसपत्राने तिच्या नावे करून दिले. नवरा, बायको, मुले व नातवंडे यांस शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक नाममात्र लागतो. बहिणीस ती सवलत नाही, म्हणून शुल्क भरावे लागले. तिच्या सासरी शेती असल्यामुळे शेतकरी असल्याच्या दाखल्याची अडचण पडली नाही. राहिलेले वीस गुंठे धाकट्या बंधूंच्या वाट्यात आहेत. ते म्हणतात, ‘तिने राजीखुशीने सोडले, कागद तुम्हीच लिहिला.’ त्यांच्या म्हणण्यास आमच्याजवळ उत्तर नाही. तेव्हापासून आमचे जाणे-येणे कमी झाले आहे. वडिलांनी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर आमच्याकडून हे झाले नसते, असे म्हणून आम्ही पुष्कळ दिवस स्वतःचे समाधान करून घेतले. ते पूर्ण खरे नाही. पण अर्धे तरी खरे आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

वर एकत्र कुटुंब मॅनेजरचा उल्लेख आला. सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ अशी जी अक्षरे असतात, ती ज्यांच्या उताऱ्यावर आहेत त्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. वडील वारल्यावर थोरल्या भावाचे नाव या अक्षरांसह लावण्याची जुनी पद्धत होती. नाव त्याचे, पण मालकी सर्वांची. एक पिढी हे सर्वांस ठाऊक असते. दुसऱ्या पिढीत थोरल्याची मुले म्हणतात, उतारा आमच्या वडिलांचा. धाकट्यांची मुले म्हणतात, ती तीन अक्षरे वाचा. उतारा संगणकावर चढविताना ती अक्षरे गळून गेली असतील तर मग विचारूच नका. जुने फेरफार शोधण्यात वर्षे जातात. आमचे सांगणे इतकेच, की ज्या भावाचे नाव मॅनेजर म्हणून आहे त्यानेच पुढाकार घेऊन बाकीच्यांची नावे लावून द्यावीत. ज्यांची नावे नाहीत त्यांनी मागितले म्हणजे ते भांडण दिसते. ज्याचे आहे त्याने दिले म्हणजे ती रीत दिसते.

ज्यांस शक्य आहे त्यांनी मृत्युपत्राहूनही हयातीतील वाटप पत्करावे, असे आम्ही म्हणू. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्व सहधारकांच्या संमतीने तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. या वाटणीपत्राच्या दस्ताची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय २०२५ साली सरकारने घेतला, तेव्हा खर्चाची सबबही आता उरली नाही. परंतु वाटप म्हणजे नुसते गुंठे मोजणे नव्हे. आमच्या पाहण्यात जी वाटपे मोडली, त्यांपैकी फारच थोडी क्षेत्रावरून मोडली. ती मोडली विहिरीवरून, वाटेवरून आणि झाडावरून.

विहीर एकाच्या तुकड्यात पडते. इतरांचा पाण्यात हिस्सा असतो, पण तो किती व कसा, हे कोणी लिहीत नाही. चौथाई हिस्सा लिहिला, तरी चौथाई पाणी म्हणजे काय? आठवड्यातील किती दिवस, दिवसाची वीज की रात्रीची, मोटार कोणाच्या नावावर, बिल कोणी भरावयाचे, गाळ काढण्याचा खर्च कसा वाटावयाचा, आणि पाइपलाइन ज्याच्या शेतातून जाते त्याने ती फोडली तर काय, हे सर्व त्याच कागदात आले पाहिजे. ज्याच्या नावाचे मीटर असते तो उन्हाळ्यात एकदम मालक होतो, हे कोणास सांगावयास नको. वाटेचे तसेच. बाप जिवंत असताना सर्व शेत एक असते, बैलगाडी कोठूनही जाते. वाटप झाले की मागच्या तुकड्यावाल्यास वाट राहत नाही. मग तो तहसीलदाराकडे कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागतो, किंवा असलेली वाट अडविली म्हणून १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याने अर्ज करतो. सख्खे भाऊ अशा तारखांस एकाच एस.टी.ने येतात आणि वेगवेगळ्या बाकांवर बसतात. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. वाटपाच्या कागदात ‘पूर्वेच्या बांधाने आठ फूट रुंदीची गाडीवाट सर्वांस कायम’ एवढे एक वाक्य असते, तर त्या फेऱ्या वाचल्या असत्या. बांधावरची आंब्याची, चिंचेची झाडे, गोठा, कडब्याची गंजी रचण्याची जागा, हेही लिहावे. गावठाणातील घर सातबाऱ्यावर नसते. ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर असते, आणि ते पुष्कळ जण विसरतात.

आता मृत्युपत्राविषयी. त्यास मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. पण आमचा आग्रह असा, की नोंदणी करावीच. कायद्यास हवे ते इतके: लिहिणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, आणि ती सही पाहिलेल्या किंवा ती आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेल्या दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्या. पुढे कागद शाबीत करावयाचा तर या दोघांपैकी हयात व कोर्टात येण्याजोगा असेल अशा निदान एकास साक्षीस आणावे लागते. सबब साक्षीदार म्हणून आपल्याच वयाचे स्नेही घेऊ नयेत, तरुण घ्यावेत. आमच्या तालुक्यात एक मृत्युपत्र असे होते, की त्यावरील दोन्ही साक्षीदार करणाराच्या आधीच वारले. ज्यास मिळकत मिळावयाची त्यास साक्षीदार करू नये, व त्याच्याच हातचा कागद असू नये. वय फार झाले असल्यास डॉक्टरचा दाखला सोबत जोडावा. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, शेवटचे खरे. म्हणून प्रत्येकावर तारीख पाहिजे, आणि मागील रद्द केल्याचे वाक्य पाहिजे. मजकूर गुप्त ठेवावयाचा असेल तर मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे.

मजकूर साधा असावा. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, आणि कोणास काय. आमच्या वाचनात आलेल्या मृत्युपत्रांत सर्वात घातक वाक्य म्हणजे ‘सर्व मुलांनी गुण्यागोविंदाने वाटून घ्यावे.’ गुण्यागोविंदाने वाटून घेणारी मुले असती तर कागद कशास हवा होता? जे वाटप बापास सुचत नाही, ते बापाच्या मागे मुलांस सुचेल अशी आशा करणे व्यर्थ आहे.

बायकोचा विचार तर बहुतेक मृत्युपत्रांत नसतोच. मुलगे सांभाळतील, असे धरून चालतात. विहिरीच्या पाण्याची पाळी लावावी तशी आईची पाळी लावलेली घरे आमच्या माहितीची आहेत. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे, आणि अधिक महिना आला तर तो कोणाचा यावर वाद. ‘हयातीपर्यंत उपभोग घ्यावा’ असे लिहिलेले असले, म्हणजे तिच्या हाती पीक येते, पण जमीन येत नाही. आणि पीक काढणारे हात मुलांचेच असल्यामुळे बहुधा पीकही येत नाही. निदान घराची एक खोली आणि एखादा बागाईत तुकडा तिच्या पूर्ण मालकीचा करावा असे आमचे मत आहे. हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम श्री. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने हाती घेतला होता, आणि १९९२ साली सरकारनेही त्यासाठी परिपत्रक काढले. ज्या गावांत तो कार्यक्रम झाला, तेथील काही बायांस वैधव्यात त्या एका नावाचा किती आधार झाला, हे आम्ही कचेरीच्या खिडकीतून पाहिले आहे.

याच्या उलट टोकाची चूकही सांगितली पाहिजे. काही भोळे लोक साठी उलटताच सर्व जमीन बक्षीसपत्राने मुलांस देऊन मोकळे होतात. मृत्युपत्र मरणानंतर लागू होते. बक्षीसपत्र त्याच दिवशी. मग म्हाताऱ्यास तंबाखूसाठी सुनेपुढे हात पसरावा लागतो. द्यावयाचेच असेल तर ‘आमचे अन्नवस्त्र व औषधपाणी पाहण्याच्या अटीवर’ हे शब्द कागदात घालावेत. ती अट पाळली न गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द मागता येते. अट कागदात नसल्यास ते फार कठीण जाते.

बँकेतील ठेवी, साखर कारखान्याचा शेअर व विकास सोसायटीचे सभासदत्व यांस नामनिर्देशन केलेले असते, तेव्हा मालक तोच, असा एक समज आहे. बँकेच्या ठेवीत तरी तसे नाही. नाव दिलेल्या मनुष्याने रक्कम हाती घ्यावयाची, इतकेच. इतर वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. म्हणून मृत्युपत्र व नामनिर्देशन यांत एकच नाव राहील असे पाहावे. सोसायटीचे कर्जही मरणाने फिटत नाही, ते मिळकतीबरोबर वारसांकडे येते. तेव्हा देणे-येण्याची एक यादी मृत्युपत्रासोबत ठेवावी. हातउसने दिलेले पैसेही त्यात यावेत.

‘मृत्युपत्र केल्याचे कळले की मुले विचारीत नाहीत’ असे आम्हास पुष्कळ जण सांगतात. मृत्युपत्र बदलता येते, हे मुलांसही ठाऊक असते. म्हणून हा धाक उलटा चालतो, असा आमचा अनुभव आहे. दुसरे म्हणतात, अजून वेळ आहे. यास उत्तर देण्याची जरुरी नाही. फेरफाराच्या रजिस्टरात चाळिशीच्या आतले मयत खातेदार थोडे नसतात, आणि अलीकडे मोटारसायकलीमुळे ते वाढले आहेत.

आम्ही स्वतः गेल्या चैत्रात मृत्युपत्र करून नोंदविले. मुलीस व मुलास सारखे; आमच्या वाट्यातील घरालगतचे तीस गुंठे आणि विहिरीचे दोन दिवस कुटुंबाच्या नावे, पूर्ण मालकीने. कागद तिघांस वाचून दाखविला. मुलाचे तोंड थोडे उतरले, तो दोन दिवस जेवताना बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विहिरीच्या दिवसांचा हिशोब पुन्हा समजावून घेतला आणि एक चूक दाखविली. ती दुरुस्त करण्यासाठी पुरवणी कागद करावा लागला.

ज्या सभासदांस आपला कागद करावयाचा असेल, त्यांनी आठ-अचा उतारा, सातबारे, जुने फेरफार असल्यास तेही, आणि घराचा उतारा घेऊन मासिक सभेच्या दिवशी दुपारी दोननंतर यावे. कच्चा मसुदा आम्ही विनामूल्य लिहून देऊ. वादग्रस्त मिळकत असेल तर मात्र वकिलाकडेच जावे. येताना मुलींसही बरोबर आणावे.